वीतभर वळलेली खुर्ची

“तुम्हाला? तुम्हाला विचारणार?” बायकोनं शिलाई मशीनवरचा पाय थांबवला. “तुम्ही काय कायदा शिकलाय?”

“अगं, कायद्याचं नाही विचारत. जजबाई माणूस म्हणून कशा आहेत ते विचारतात.”

“मग मला विचारा म्हणावं. रोज जेवताना बाईसाहेबांचंच पुराण ऐकते मी. त्यांना शेंगदाणे भाजलेले लागतात की खारे, तेसुद्धा पाठ झालंय.”

“खारे नाही. भाजलेले.”

“बघा! आणि म्हणे तुम्हाला विचारणार.”

“ती तेलाची कुपी दे जरा.”

“परत? मशीनचं तेल कोर्टाच्या खुर्चीला किती पाजाल हो? माझी मशीन कुरकुरायला लागली.”

“तुझी मशीन कुरकुरली तर फार तर शेजारीण ऐकेल. खुर्ची कुरकुरली तर अख्खं कोर्ट हसेल.”

बायकोनं कुपी दिली, पण बुचाला एक सणसणीत टिचकी मारून. म्हातारा ती कुपी फडक्यात गुंडाळून, पितळी बिल्ल्याचा पट्टा कमरेला आवळून निघाला.

त्याला सगळं कोर्ट खुर्चीमामा म्हणायचं. नोकरीच तशी. जज येताना पुढं चालायचं, दार उघडून “उठाऽऽ” अशी हाळी द्यायची आणि जज बसायला लागला की मागून खुर्ची पुढं सारायची. ऐकायला हे सोपं वाटतं. दूध काढणंसुद्धा ऐकायला सोपंच वाटतं. खुर्ची म्हणजे काय थोडंथोडकं धूड होतं? शिसवी लाकूड, पाठीला चामडं, खाली चार पितळी चाकं. लवकर सारली तर जजच्या पोटऱ्यांवर आदळते, उशीर झाला तर न्याय जमिनीवर बसतो. गुडघे वाकायला लागले की सारायची, आणि ते काळ्या झग्याच्या आडून ओळखायचं.

बाईसाहेब जज झाल्या त्या पहिल्या दिवशी बसण्याआधी मान वळवून मागं बघायला लागल्या. मामा ओठ न हलवता म्हणाला, “मागं बघू नका. मी आहे.” तेव्हापासून त्यांनी कधी मागं बघितलं नाही. आपण आंधळेपणानं कुणाच्या भरवशावर बसतो, सांगा बरं? आईच्या मांडीवर, आणि ते वय गेलं की कुणाच्याच नाही. बाईसाहेब मामाच्या भरवशावर बसायच्या.

मामाला बाकीचंही ठाऊक होतं. बाईसाहेब टेबलाखाली चपला काढून ठेवतात, आणि युक्तिवाद रंगला की एक चप्पल पायानं लांब जाते. उठायच्या आधी मामा ती बुटाच्या टोकानं हळूच जोडीला आणून ठेवायचा. वकील खोटं बोलतोय असं वाटलं की त्या पेन्सिल आडवी ठेवतात. पेन्सिल आडवी पडली की मामा पेल्यात पाणी भरायचा. त्यांचा घसा कोरडा पडणार हे ठरलेलं.

आणि एक गोष्ट मामाला ठाऊक होती, जी कुणालाच ठाऊक नव्हती. बाईसाहेबांचा डावा कान गेला होता.

मागच्या हिवाळ्यात त्या तापानं पडल्या होत्या. परत आल्या त्या दिवशी मामानं डाव्या बाजूनं विचारलं, “पाणी देऊ?” उत्तर नाही. मामाला वाटलं, काहीतरी चुकलं, रागावल्या. उजवीकडं जाऊन परत विचारलं, जरा मोठ्यानं. तर म्हणाल्या, “मामा, ओरडता कशाला? मी काय शेतात आहे?” मामाला काय समजायचं ते समजलं. तो बोलला नाही. त्याही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मामानं खुर्ची सारताना डावीकडं दोन बोटं वळवून ठेवली, म्हणजे उजवा कान आपसूक समोर आला. पुढं कान आणखी मंद झाला, तशी दोन बोटांची चार झाली, चाराची वीत झाली. वकिलांच्या डोक्यावरचा पंखा घरघरायचा, तो मामानं ‘बिघडला’ म्हणून बंदच ठेवला. उन्हाळ्यात काळ्या कोटातले वकील मडक्यासारखे पाझरायचे आणि मामाच्या नावानं बोटं मोडायचे. मामा म्हणायचा, “मोठ्यानं बोला साहेब, हॉल मोठा आहे.” जणू हॉल कालच वाढला होता.

कुणाचं काही बिघडत नव्हतं. एवढ्यात बाईसाहेबांचं नाव वर गेलं.

आता देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा जज होतो कसा, हे तुमच्याआमच्यासारख्याला ठाऊक नसतं, आणि जे होतात त्यांना तरी पुरतं ठाऊक असतं की नाही, देव जाणे. त्याला अर्ज नाही. परीक्षा नाही. मतं मागत कुणी दारोदार हिंडत नाही. तिथला एक म्हातारा जज निवृत्त होऊन घरी गेला की खुर्ची रिकामी होते. मग उरलेल्यांतले पाच जुनेजाणते दार लावून बसतात आणि ठिकठिकाणच्या मोठ्या कोर्टांतल्या जजांची नावं धान्यासारखी निवडतात. हा दाणा, हा खडा, हा दाणाच पण किडका. मनात भरलेली नावं सरकारकडं जातात. सरकार म्हणतं, बघतो. मग सरकारची माणसं येऊन गुपचूप कानोसा घेतात, सोयरिकीआधी घेतात तसा. मुलगी दाखवायला आणतात तेव्हा ती नीटनेटकीच दिसते. खरं कळतं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारल्यावर. त्यातून नाव तरलं तर परत ते पाच जण बसतात, आणि शेवटची निवड होते. एखादं नाव मधेच कुठल्या टेबलावर बसतं ते बसतंच. त्याला कुणी नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट पुढंच आहे. ज्याला हवंय त्यानं मागायचं नाही. मागितलं की गेलंच. पोटात कावळे ओरडत असताना ताटाकडं न बघता हवापाण्याच्या गप्पा मारत बसायचं, असलं ते काम.

तर त्या दिवशी चौकशीवाला मामाकडं येणार होता. मामाला एकच धास्ती होती. माणूस कसा आहे ते तो तासभर सांगेल. पण कानाचं विचारलं तर?

मधल्या सुट्टीत हॉल रिकामा झाला आणि चौकशीवाला आला. मामाला वाटलं होतं कुणीतरी मिशाळ, डोळे वटारणारा असेल. हा तर बारीक चणीचा, सर्दीनं बेजार झालेला माणूस. हातात वही नाही, पेन नाही. फक्त रुमाल.

“लिहून नाही घेणार?” मामानं विचारलं.

“लिहायला लागलं की माणसं छापील बोलतात,” तो नाक पुसत म्हणाला. “बसा ना.”

“या हॉलमधे मी बसत नाही साहेब. सवय नाही.”

“बरं. बाईसाहेबांकडं चेंबरमधे कोण कोण येतं?”

“फायली येतात. आणि चहा.”

“भेटवस्तू? पेट्या, टोपल्या?”

“एकदा आली होती फळांची टोपली. आणणाऱ्यालाच परत न्यायला लावली. लिफ्ट बंद होती त्या दिवशी. बिचारा चार जिने उतरला.”

चौकशीवाला हसला, मग शिंकला. “रागीट आहेत?”

“खोट्याचा राग येतो. खरं बोलून चुकलेल्याला पाणी पाजतात.”

“आणि तब्येत?”

मामाचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. चामड्याला घाम फुटला की हाताला, कुणास ठाऊक.

“ठणठणीत,” मामा म्हणाला.

आयुष्यभर त्या हॉलमधे त्यानं दुसऱ्यांचं खोटं ऐकलं होतं. स्वतःचं पहिल्यांदाच ऐकलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते बारीक आवाजात निघालं.

“इथं उकडतंय फार. पंखा?”

“बिघडलाय.”

चौकशीवाल्यानं भिंतीपाशी जाऊन सहज बटण दाबलं. पंखा एकदा कण्हला आणि गरगर फिरायला लागला.

“बरा झाला की,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मामा चोर पकडल्यासारखा वर बघत राहिला.

“मामा, तुम्ही या जागी किती काळ आहात ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो. बाईसाहेबांबद्दल सगळीकडं चांगलंच ऐकलं. एकच गोष्ट अडते. एकानं सांगितली असती तर सोडून दिली असती. पण वेगवेगळ्या माणसांनी सांगितली.” त्यानं बोट केलं. “हे डावं टेबल तक्रार करणाऱ्याच्या वकिलाचं. हे उजवं, बचावाच्या वकिलाचं. बरोबर?”

“बरोबर.”

“लोक म्हणतात, बाईसाहेब डाव्या टेबलाकडं तोंड करून बसतात. उजव्याला खांदा दाखवतात. आधीच मन बनवून आलेल्या माणसासारख्या.”

“कोण म्हणतं? जीभ झडेल त्याची!”

“इकडं या. इथून बघा.”

मामा उजव्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं वर बघितलं. इतकी वर्षं त्यानं ती खुर्ची झाडली, पुसली, तिला तेल पाजलं, पण बघितली ती मागूनच. समोरून पहिल्यांदाच बघत होता. सकाळी त्यानंच लावून ठेवलेली खुर्ची पाठमोरी झाल्यागत बसली होती. रुसलेल्या सुनेसारखी. मामानं मनातल्या मनात तिच्यावर बाईसाहेबांना बसवून बघितलं. इथं उभं राहून बचाव करणाऱ्याला काय वाटत असेल? आपला माणूस तुरुंगात जायचा प्रश्न, आणि जज दुसरीकडं तोंड करून.

आणि खरं उलटंच होतं. त्या टेबलाच्या बरोबर समोर बाईसाहेबांचा चांगला कान यायचा. ज्यांना खांदा दिसत होता, त्यांचंच सगळ्यात नीट ऐकू जात होतं. पण कान काही खिडकीसारखा उघडा दिसत नाही.

“मी उद्या मागच्या बाकावर येऊन बसणार आहे,” चौकशीवाला म्हणाला. “मग माझं काम संपलं. मला जे दिसेल ते मी वर सांगेन.” जाताना त्यानं पंखा बंद केला. ते मामाला फार झोंबलं.

दुपारी कोर्ट भरलं. मामानं खुर्ची सारली आणि हात अडला. सरळ ठेवावी तर त्यांना ऐकू जाणार नाही. वळवावी तर नावाला काळिमा. त्यानं वळवली. सवयीनं हात गेला म्हणा, किंवा काय. उजव्या टेबलापाशी ती मुंगी वकीलबाई उभी होती. नवी पोरगी, आवाज इतका बारीक की सगळे तिला मुंगी म्हणायचे. हुशार होती, पण वर बघून बोलायची नाही, कागदाशी बोलायची. मामा तिला नेहमी खेकसायचा, “ताई, मोठ्यानं.” आज तो खेकसला नाही.

संध्याकाळी बायको शाळेच्या गणवेशांना काजं करत होती. मामानं सुईत दोरा ओवून दिला, म्हणजे नेहमीचं काम केलं, आणि सगळं सांगितलं. कानाचंसुद्धा. इतके दिवस ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि त्याचाच तिला आधी राग आला.

“शेंगदाण्याचं सांगितलंत आणि कानाचं नाही?”

“कान त्यांचा आहे. मी कसा सांगू?”

“मग वळवायला कुणी सांगितलं होतं? कान तिचा, खुर्ची सरकारची, मधे तुम्ही कोण?”

मामानं दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाला, “मामा.”

“मामा असाल तर भाचीला जाऊन सांगा. बाहेर काय बोललं जातंय ते घरच्यानंच सांगायचं असतं. की परक्यानं?”

“सांगितलं तर एकीकडं आड, एकीकडं विहीर आहे गं. झुकतं माप देतात म्हणून नाव जाणार, नाहीतर बहिऱ्या म्हणून. मी काय सांगू, कुठं उडी मारा?”

“उडी त्यांना मारू दे की. तुम्ही फक्त आड कुठं आहे ते दाखवा. दोरा संपला, दुसरा ओवा.”

सकाळी मामा लवकर गेला. बाईसाहेब चेंबरमधे फायलीत डोकं घालून बसल्या होत्या. मामा उजवीकडून जाऊन उभा राहिला.

“बाईसाहेब, मी खोटं बोललो.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आडवी नाही, उभीच. “कुणाशी?”

“चौकशीवाल्याशी. म्हणालो, तब्येत ठणठणीत.”

त्यांनी फाईल मिटली. मग बाईसाहेबांनी विचारलं, “कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“तापातून उठून आलात ना, त्याच दिवशी.”

“मला वाटलंच होतं.”

“आणि खुर्ची...”

“ती मला पहिल्याच दिवशी कळली, मामा. रोज समोर घड्याळ दिसायचं. त्या दिवशी खिडकी दिसली.”

मामानं आ वासला. “मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर कान मान्य करावा लागला असता. तुम्ही न विचारता दिलंत, मी न विचारता घेतलं. बरं वाटत होतं. खिडकीतून झाडही दिसायचं.”

मग मामानं टेबलाचं सांगितलं. खांद्याचं सांगितलं. पंखा फिरला तेही सांगितलं. बाईसाहेबांचा चेहरा उतरत गेला. कानाचं बोलणं त्यांनी हसून नेलं होतं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

“उजव्या टेबलाला वाटतं मी त्यांचं ऐकत नाही?”

“मी काल तिथं उभा राहून बघितलं. मलाही वाटलं.”

“मला कळायला हवं होतं.”

“मला कळायला हवं होतं. खुर्ची माझी.”

“आपल्या दोघांनाही ती समोरून दिसत नाही, मामा. एक बसतं, एक मागं उभं राहतं.” त्यांनी खण उघडला. शेंगदाण्याच्या टरफलांखालून एक छोटी डबी काढली. आत कानाला लावायचं यंत्र होतं, नवंकोरं, कागदसुद्धा न काढलेलं. “घेऊन ठेवलंय केव्हाचं. मग नाव वर गेलं, आणि लावायचा धीर झाला नाही.”

“आज नका लावू,” मामा घाईघाईनं म्हणाला. “तो मागच्या बाकावर बसणार आहे. एकच दिवस. मी खुर्ची मधोमध धरतो, वकिलांना ओरडून बोलायला लावतो. उद्यापासून लावा.”

“आज कुणाची केस आहे?”

“भांड्याच्या कारखान्यातल्या त्या रखवालदाराची. चोरीची. बचावाला मुंगी.”

“म्हणजे मला काही ऐकू येणार नाही.”

मामानं डबीकडं हात नेला, त्यांनी ती अलीकडं ओढली.

“आणि तो रखवालदार आत जाईल. मी वर जावं म्हणून.” बाईसाहेब यंत्राचा कागद सोडवायला लागल्या. नख लागेना. “मला हवंय ते, मामा. फार हवंय. मागता येत नाही म्हणून नकोय असं नाही. हे तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.”

“मला न सांगता कळतं.”

“ते दिसतंच आहे.”

यंत्र कानात बसेना. झग्याची बाही आडवी येत होती. मामानं विचारलं, “मी बघू?” बायकोच्या सुया ओवून ओवून त्याची बोटं अशा कामाला तयार झाली होती. भाचीच्या कानात डूल घालावं तसं त्यानं ते हळूच बसवलं, तार कानामागं घेतली, केस परत वर ओढून दिले. बाईसाहेबांनी केस मागं सारले. दिसू दे म्हणाल्या.

“कसं वाटतंय?”

“अगंबाई,” त्या दचकून म्हणाल्या, “तुमचे बूट किती वाजतात!”

कोर्ट भरलं. चौकशीवाला मागच्या बाकावर, हातात रुमाल. मामानं “उठाऽऽ” केलं. बाईसाहेब आल्या, गुडघे वाकले, खुर्ची सरकली आणि सरळ थांबली. समोर घड्याळ.

त्यांनी लगेच केस पुकारू दिली नाही.

“सुरू करण्याआधी एक सांगायचं आहे. माझा डावा कान काम करत नाही. काही महिने झाले. नीट ऐकू यावं म्हणून मी वळून बसत होते. त्यामुळं उजव्या टेबलाला मी पाठ फिरवल्यासारखी दिसत होते, हे मला आज कळलं. हे मी आधी सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही. ही चूक माझी आहे. ज्यांना वाटतं की माझ्यासमोर त्यांची बाजू ऐकली गेली नाही, त्यांनी मुख्य न्यायाधीशांना सांगावं. दुसऱ्या कुणासमोर परत सुनावणी झाली तर माझी हरकत नाही. आता कानाला यंत्र आहे.” मग त्या मागं न बघता म्हणाल्या, “आणि मामा, तो पंखा लावा. बिघडलेला.”

वकिलांत हशा पिकला. मामानं पंखा लावला आणि कुणाकडं न बघता परत जागेवर आला. बाईसाहेबांनी वळून बसण्याचं सांगितलं होतं, पण खुर्ची वळवणाऱ्याचं नाव काढलं नव्हतं. एवढा मोठा माणूस सगळ्यांदेखत मामाचा वाटा स्वतःच्या पदरात घेऊन बसला होता. मामाला वाटलं, जोरात ओरडावं की मीच तो. पण त्याला फक्त “उठा” ओरडायची परवानगी होती.

मुंगी उभी राहिली. दोन वाक्यं कागदाशी बोलली. मग काय झालं कुणास ठाऊक, तिनं मान वर केली आणि बाईसाहेबांकडं बघून बोलायला लागली. आवाज बारीकच होता. पण पंख्याखालूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

मागच्या बाकावरचा माणूस शेवटपर्यंत बसला, आणि उठताना फक्त एकदा शिंकला.

सुट्टीत मुंगीनं मामाला व्हरांड्यात गाठलं. डोळे लाल.

“मामा, त्या खांद्याचं... सांगणाऱ्यांत मीही होते.”

“बरं केलंत ताई. दिसलं ते सांगितलंत.”

“मला वाटायचं त्यांना माझा रागच आहे. घरी जाऊन रडायचे मी.”

“आणि त्यांचा चांगला कान नेमका तुमच्याकडं असायचा. कर्म माझं! मीच खुर्ची फिरवायचो.”

मुंगी त्याच्याकडं बघत राहिली. “तुम्ही?”

“मी. आत्ता त्या चौकशीवाल्यालाही सांगायला धावलो. जिन्यात गाठला तर म्हणाला, मामा, ते मला कालच कळलं.”

दोघांनाही हसू आलं. मामाचं जरा ओलं निघालं, पण त्यानं ते खोकल्यात घातलं.

पुढं फक्त एका जुन्या पक्षकारानं परत सुनावणी मागितली. दुसऱ्या जजनं ऐकलं आणि निकाल तोच दिला. रखवालदार सुटला. यंत्र कधीकधी मधेच शीळ घालायचं, मग बाईसाहेब म्हणायच्या, “थांबा, पाखरू आलंय,” आणि वकील थांबायचे.

पाच जण दार लावून परत बसले. बातमी आधी कँटीनमधे आली, जशी सगळ्याच बातम्या येतात. बाईसाहेबांचं नाव नव्हतं. दुसऱ्या कुठल्या कोर्टातल्या जजचं होतं. का नव्हतं ते कुणी सांगितलं नाही. कानामुळं, की तो दुसरा खरंच वरचढ होता म्हणून, की कुणाच्या मनात आणखी काही होतं. नाव का निवडलं तेही सांगत नाहीत, का गाळलं तेही नाही. मामाला राग काढायला एक तोंडसुद्धा मिळालं नाही.

तो चहा घेऊन चेंबरमधे गेला. बाईसाहेब खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांना कळलेलं होतं.

“बसा, मामा.”

“मी बसत नाही.”

“हा काही हॉल नाही. बसा.”

मामा स्टुलाच्या कडेवर टेकला. दोघांत एकच कप होता. त्यांनी थोडा चहा बशीत ओतून त्याच्याकडं सरकवला.

“वाईट वाटतंय?” मामानं विचारलं.

“हो. सकाळी घरी रडून आले.” त्यांनी नाक ओढलं. “तुम्हाला?”

“मला काय? मला दुसऱ्या कुणाची खुर्ची सारायला लागली असती. माझं गुडघ्याचं गणित परत पहिल्यापासून.” मग बशी खाली ठेवून तो म्हणाला, “वाटतंय. फार वाटतंय. मी ती खुर्ची वळवलीच नसती तर...”

“तर ते सगळे महिने मला काही ऐकू आलं नसतं. तो हिशोब बंद करा, मामा.”

“परत नाव जाईल?”

“आणखी एक म्हातारा घरी जाईल, परत पाच जण बसतील. जाईल किंवा नाही जाणार. मागता तर येत नाही.” त्यांनी झगा सारखा केला. “घरी मामी काय म्हणाल्या?”

“शिव्या दिल्या. पाचांनाही. एकेकाला सुट्या सुट्या.”

बाईसाहेब खळखळून हसल्या. मग घड्याळाकडं बघून त्यांनी चपला पायात सरकवल्या. “पहिलं काय आहे आज?”

“दोन भाऊ आणि एक जिना. वरच्या मजल्यावरचा म्हणतो जिना माझा, खालचा म्हणतो पायऱ्या माझ्या दारातून जातात. सकाळपासून बाहेर एकमेकांचा बाप काढतायत. बाप एकच आहे, ते कुणाच्या लक्षात येईना.”

“चला मग, नाहीतर बापाची काही धडगत नाही.”

मामानं बशी कपाखाली सरकवली, पट्टा वर ओढला, बिल्ला बाहीनं पुसला. मग पुढं होऊन दार उघडलं, आणि भावांचं भांडणसुद्धा अर्ध्यात तुटावं अशी खणखणीत हाळी दिली.